एकतीस मुद्दे आणि एक पिस्तूल

३ सप्टेंबर, बुधवार

घरी आलो तर मंगल आणि ऋतू दोघी सोफ्यावर शेजारी शेजारी बसलेल्या. मायलेकी न भांडता एका सोफ्यावर दिसल्या की माझ्याकडून काहीतरी पाहिजे असतं.

पाहिजे होतं पिस्तूल.

ऋतूच्या नेमबाजीच्या क्लबात पोरं अकरा आणि हवेची पिस्तुलं चार. त्यातलं एक कायम दुरुस्तीला. १२ ऑक्टोबरला जिल्ह्याची निवड चाचणी. कोच निकमसर मंगलला म्हणाले, "पोरीचा हात चांगला हाय, पर उसन्या हत्यारावर हात बसत न्हाई. जमलं तर सोताचं घ्या." निवड झाली तर राज्य स्पर्धा. ऋतू अकरावीत. पुढच्या वर्षी बारावी आहे, म्हणजे जे काय व्हायचं ते यंदाच.

मंगलची अट: साठ हजारांच्या वर जायचं नाही. टिकाऊ घ्यायचं, भरवशाचं घ्यायचं, आणि "चाचणीच्या आधी घ्यायचं हो, नंतर नाही." ही शेवटची अट फ्रिजवरून आलेली. फ्रिज निवडायला मला चौदा महिने लागले होते. तो फ्रिज अकरा वर्षं झाली, एकदाही बिघडला नाही, हे मात्र या घरात कोणी बोलत नाही.

अठ्ठावीस वर्षं क्वालिटीत काढली. चाकणच्या कंपनीतून ब्रेकचा एकही पार्ट माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नाही. एक पिस्तूल निवडायचं ते काय मोठं. ऋतूला म्हटलं, काम झालं समज.

तिने आईकडे पाहिलं. का ते कळलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्र.

तपासणीची यादी तयार. एकतीस मुद्दे. नळी सरळ आहे का, हवा धरून राहते का, ट्रिगर किती वजनाला सुटतो (अर्ध्या किलोच्या आत सुटला तर स्पर्धेत बाद), एकाच जागी धरून पाच छर्रे मारले तर भोकं किती लांब लांब पडतात, वगैरे. ऋतूला दाखवली.

"पप्पा, हातात कसं बसतं ते कुठंय यात?"

म्हटलं, ते मोजता येत नाही.

"पण मला तर तेवढंच कळतं."

तिच्या समाधानासाठी खाली पेन्सिलने लिहिलं. नंबर दिला नाही.

७ सप्टें., रवि.

काल विसर्जन, आज सगळ्यांचे घसे बसलेले. तसेच पुण्यात गेलो, बंदुकांच्या दुकानात. आयुष्यात पहिल्यांदा. हवेच्या पिस्तुलाला लायसन लागत नाही, नाव-पत्ता आणि ओळखपत्र द्यायचं. परदेशी माल काचेच्या आत. किंमत ऐकून मंगल काचेपासून दोन पावलं मागे सरकली.

बजेटमध्ये बसणारी नवीन तीन. पहिल्याची मूठ हलते. दुसऱ्याच्या ट्रिगरला कानस मारल्यासारखी खरखर. तिसरं बरं होतं, पण नळीच्या तोंडाशी धार राहिलेली. नखाला लागते. दुकानदाराला म्हटलं, हात लावून बघा. त्याने हात लावला नाही. भिंग काढलं खिशातून, दिलं. तेही घेतलं नाही.

"साहेब, घ्यायला आलात की ऑडिटला?"

तिन्ही रिजेक्ट. ऋतू तिसरं हातात धरून होती. तिच्याकडून काढून घ्यावं लागलं.

१३ सप्टें., शनि.

जुना माल बघायचं ठरलं. माण गावात एक आयटीवाले गृहस्थ. हौसेने पिस्तूल घेतलं, दोन महिने मारलं, मग सायकल घेतली, आता तीही विकायची आहे. बाविसावा मजला. पिस्तूल दिसायला कोरं.

हवेची टाकी सुटी निघते. म्हटलं, बादली मिळेल का?

"बादली?"

म्हटलं, अर्धी भरून. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं बघायचं, त्यात अवघड काही नाही. त्यांच्या बाथरूममध्ये स्टूल टाकून बसलो. टाकी पाण्याखाली धरली. पंधरा मिनिटं काहीच नाही. गृहस्थ दारात उभे, खुश. विसाव्या मिनिटाला एक बुडबुडा. मग चोविसाव्या मिनिटाला दुसरा. चाळीस मिनिटांत सहा.

गृहस्थ म्हणाले, रोज हवा भरायचीच असते, काय फरक पडतो? म्हटलं, आज चार मिनिटांना एक आहे, उद्या तीनला होईल. ते म्हणाले, उद्या मी अमेरिकेच्या कॉलवर असेन, तुम्ही निघा.

बाहेर त्यांच्या सौ.नी ऋतूला दोनदा पोहे खाऊ घातले. "तुझे पप्पा नेहमीच असे असतात का गं?" असं विचारलं म्हणे. ऋतू काय म्हणाली ते तिने सांगितलं नाही.

एकूण पाहिली: चार. पास: शून्य. राहिले दिवस: एकोणतीस.

१४ सप्टें., रवि.

निकमसरांनी सलीमभाईंकडे पाठवलं. चिखलीत शेड आहे त्यांची. हवेवर चालणारी हत्यारं दुरुस्त करतात, कंपन्यांची स्क्रू मारायची यंत्रं वगैरे. क्लबाची पिस्तुलंही तेच बघतात. साठीचे. आमच्या चाळीपासून दोन गल्ल्या पलीकडे, आणि मी यांना इतकी वर्षं ओळखत नव्हतो.

त्यांच्याकडे एक जुनं जर्मन पिस्तूल विकायला आलेलं. देहूरोडच्या एका निवृत्त गृहस्थांचं. आता हात कापतो म्हणून विकतायत. मूठ लाकडी, घामाने काळी पडलेली. सगळे वॉशर सलीमभाईंनी बदललेत. बजेटमध्ये, छर्‍यांचे चार डबे धरून.

यादी काढली. सलीमभाईंनी चष्मा लावून ती सगळी वाचली, एकतीसच्या एकतीस. असा मान या यादीला आजवर कोणी दिला नव्हता.

"कदमसाहेब, यादी झकास आहे. पण तुम्ही हे तपासणार कशावर? माझ्याकडं तर फूटपट्टी आहे."

खरं होतं. दोन दिवसांच्या बोलीवर पिस्तूल घरी आणलं. कंपनीच्या मोजमाप खोलीत सगळी साधनं आहेत, एसी आहे.

ऋतूने हातात धरलं. हात खांद्याच्या रेषेत गेला आणि तिथे थांबला. मंगलने मला कोपर मारलं. म्हटलं, मोजल्याशिवाय नाही.

१६ सप्टें., मंगळ.

आज कंपनीत जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण चौकशी झाली तर उपयोगी पडेल.

सकाळी गेटवर बिराजदार. निलंग्याचा, माझ्या गावापासून दहा कोसांवरचा. बॅग उघडायला लावली.

"सायेब, हे काय आणलाव?"

"पिस्तूल."

"बरं." रजिस्टर ओढलं. लिहिलं: पिस्तूल, एक नग. "परत न्यायचं हाय का हितंच ऱ्हायचं?"

"परत न्यायचं."

त्याने परतीच्या मालाचा पास फाडून दिला, सही घेतली. एवढा चोख माणूस. त्याची यात काही चूक नाही, हे मी वरिष्ठांना सांगितलं आहे.

अकरा वाजता एचआरच्या मॅडमनी रजिस्टर पाहिलं. तोपर्यंत माझे सव्वीस मुद्दे झाले होते. नळी अप्रतिम. इतकं सरळ भोक आमच्या मशीनवर आम्हाला जमत नाही. सत्ताविसावा सुरू केला आणि दार उघडलं. मॅडम, सिक्युरिटीचे साहेब, मागे सात-आठ जण. मॅडम खूप हळू आवाजात बोलल्या. "कदमसर, बसा. ते आधी टेबलावर ठेवा. घरी काही ताण आहे का?"

म्हटलं, ताण आहे, १२ तारखेला चाचणी आहे.

समजावेपर्यंत जेवणाची सुट्टी गेली. गेल्या आठवड्यात प्रॉडक्शनचा अख्खा लॉट परत पाठवला होता, त्यामुळे प्रॉडक्शनवाले सगळ्यात मागे उभे होते म्हणे, खांबाआड. लेखी ताकीद मिळाली. बिराजदारलाही मिळाली. संध्याकाळी त्याला चहा पाजला. तो म्हणाला, "आवो, पास तर बरोबर होता की."

उरलेले पाच मुद्दे घरी केले. ट्रिगरला वाण्याकडून आणलेलं अर्ध्या किलोचं माप लटकवलं. सुटला नाही. वर नाणी चिकटवत गेलो. तीन नाण्यांना सुटला. म्हणजे नियमात, आणि हलकाही.

१८ सप्टें., गुरु.

एकतीसपैकी एकतीस पास.

सही होत नाही. कालपासून वही उघडून बसलोय. काहीतरी सुटलंय असं वाटतं. अठ्ठावीस वर्षांत असा माल पाहिला नाही ज्यात काहीच निघत नाही. मंगल आली, वही पाहिली, आणि मग जे बोलली ते मिक्सर चालू असूनही शेजाऱ्यांना ऐकू गेलं.

"अहो, लग्नाच्या वेळी मला बघायला आलात तेव्हापण असंच भिंग आणलं होतं का? की काहीच निघेना म्हणून होकार दिलात?"

खरं तर तेव्हा मामांनी होकार दिला होता. पण हे आज सांगायची वेळ नव्हती.

२० सप्टें., शनि.

घेतलं. पावती, जुन्या मालकांची सही, सगळं व्यवस्थित. सलीमभाई म्हणाले, "माझ्या आधी हे मरत नाही. आणि मेलं तर घेऊन या, मी असेपर्यंत माझ्या अंगावर."

संध्याकाळी ओव्हरटाइमला थांबावं लागलं. मंगल गेली ऋतूबरोबर. कासारवाडीला प्लायवूडच्या गोदामावर रेंज आहे, स्टेशनाच्या मागे. दहा शॉटांना शंभरपैकी ९१. क्लबाच्या पिस्तुलावर तिचे ८८ च्या वर कधी गेले नव्हते.

मंगलने फोनवर सांगितलं. मी मशीनपाशी उभा होतो. ऑपरेटरला उगाचच म्हटलं, चांगलं काम करतोस. तो घाबरला.

२४ सप्टें., बुध.

आज मी रेंजवर. ऋतूच्या मागे चार फुटांवर उभा राहिलो, वही घेऊन. प्रत्येक शॉट लिहिला: किती, कुठे, कितव्या सेकंदाला. ८४.

निकमसरांना विचारलं, पिस्तूल तापतं का? ते म्हणाले, "हवेचं हाय, तापतंय कशाला?"

ऋतू म्हणाली, "पप्पा, तुम्ही खाली चहा घ्या ना. पाय दुखतील." पोरगी काळजी करते. म्हटलं, नाही दुखत.

२७ सप्टें., शनि.

गुरुवारी माझा ओव्हरटाइम, ऋतूचे ९३. आज मी होतो, ८३. हे पिस्तूल दिवसाआड बिघडतं. असा दोष पकडायला सगळ्यात अवघड. रेंजवर थर्मामीटर लावायची परवानगी मागितली. निकमसर "बघू" म्हणाले, आणि बघितलं नाही.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी.

सकाळी कंपनीत मशीनपूजा. बत्तीस मशीनं, हार, पेढे. मोजमाप खोलीची पूजा दरवर्षी माझ्याकडे. मग घरी. मंगलची शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, माझा व्हर्निअर, ऋतूचा लॅपटॉप. मधोमध पाटावर लाल कापड टाकून पिस्तूल.

पहिलीच पूजा, म्हणून सगळं स्वतः केलं. निकमसरांचा नियम आहे, ठेवताना छर्रा भरायची झडप उघडी आणि नळीतून नारिंगी दोरी आरपार, आत छर्रा नाही हे दिसावं म्हणून. दोरी मळली होती. पूजेला मळकं नको म्हणून काढून धुवायला टाकली. झडप मात्र नियमाप्रमाणे उघडी ठेवली. गंध, हळद, कुंकू, झेंडू. अक्षता मूठभर वाहिल्या, वरून. मनात म्हटलं, एवढ्या वेळी पोरीला यश दे. नास्तिक नाही मी, पण असं सहसा मागत नाही. डोळ्यांत पाणी आलं तर मंगल म्हणाली, धूप जास्त झालाय.

तिने फोटो काढून गावी पाठवला. आईचा फोन: "पिस्तूल घेतलाव? कुणाशी वैर हाय रे तुझं तिकडं?" समजावायला अर्धा तास.

३ ऑक्टो., शुक्र.

दसऱ्यानंतरची पहिली प्रॅक्टिस. मी हजर. ७१.

सगळे शॉट खाली. काही तर कागदाच्या काळ्या गोलालाच लागेनात. दोन वेळा छर्रा पुटकन् आवाज करून गेला. ऋतू पिस्तूल ठेवून जिन्यात जाऊन बसली. रडत होती. नऊ दिवस राहिलेत.

वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर थोडं बरंही वाटलं. मी म्हणतच होतो, काहीतरी आहे. दोन आठवडे म्हणतोय.

घरी येऊन सलीमभाईंना पत्र लिहिलं. 'पुरवठादारास कळविण्यात येते की' पासून. दीड पान.

४ ऑक्टो., शनि.

मी, ऋतू, निकमसर, तिघे सलीमभाईंच्या शेडवर. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. मी पत्र वाचूनच दाखवलं. बिघडलेला माल ठणठणीत म्हणून देणे. वॉशर बदलल्याचा दावा. मुलीचं वर्ष. आवाज चढला होता, आता कळतंय. निकमसर दोनदा "कदमसाहेब" म्हणाले. थांबलो नाही. "भरवशावर घेतलं होतं," असंही म्हणालो, एवढ्या लोकांत.

सलीमभाईंनी पत्र ऐकून घेतलं. पिस्तूल घेतलं, झडप उघडली, दिव्याखाली धरलं. छर्‍याच्या मागे बारीक छिद्र असतं, त्यातून हवा येते आणि छर्रा ढकलते. त्यात त्यांनी शिलाईची सुई घातली, जरा फिरवली, बाहेर काढली. टोकावर आलं ते तळहातावर घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.

अर्धा तांदूळ. कुंकवाने लाल.

मागे कॉम्प्रेसर चालू होता तो नेमका बंद पडला.

"कोलम दिसतोय," सलीमभाई म्हणाले. "आमच्याकडचा असता तर एवढा आत गेला नसता. बिर्याणीचा दाणा लांब असतो."

पहिली ऋतू हसली. मग निकमसर. मग गिऱ्हाइकं, ज्यांना काय झालं ते कळलंही नव्हतं. मला तोंड कुठे लपवावं कळेना. भिंग खिशात होतं. पूजा मी केली, दोरी मी काढली, झडप उघडी मी ठेवली, मूठ माझी. आणि पत्र त्यांना.

हात जोडले. "सलीमभाई, चुकलं. फार चुकलं." त्यांनी माझे हात धरून खाली केले.

"साहेब, माझ्या लेथला पण पोरं दसऱ्याला हार घालतात. घालू देतो. आदल्या दिवशी मी चकवर, म्हणजे त्याच्या फिरत्या तोंडावर, फडकं बांधून ठेवतो. तुम्हीपण पुढच्या वर्षी फडकं टाका, मग वाहा काय ते."

पैसे घेतले नाहीत. पत्र मात्र मागून घेतलं. म्हणाले, "असं मराठी आता कोणी लिहीत नाही."

ऋतूने तिथेच दहा छर्रे मारले, शेडच्या टोकाला पुठ्ठा लावून. सगळे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे.

५ ऑक्टो., रवि.

कंपनीत दोष सापडला की पाच वेळा "का" विचारायचा नियम आहे. स्वतःवर लावला. शॉट खाली का? हवा कमी. हवा कमी का? तांदूळ. तांदूळ का? मूठभर वाहिल्या. मूठभर का, चार दाणे चालले असते? तिथे अडकलो. मंगलला विचारलं. ती भाजी निवडत होती.

"कारण तुम्हाला काहीतरी करायचं होतं. नेम ती धरते, हात तिचा, श्वास तिचा. तुमच्या हातात काय आहे? तांदूळच आहेत."

पाचवा "का" विचारला नाही.

८ ऑक्टो., बुध.

पिस्तूल ठीक, तरी काल मी होतो आणि ८५. सोमवारी मी नव्हतो, ९२.

निकमसरांना द्यायला म्हणून सगळे आकडे एका कागदावर मांडले. तारीख, शॉट, हवामान, छर्‍यांचा डबा. एक रकाना उरला तर "हजर कोण" लिहून टाकलं. मंगल, मी, मंगल, मी, मी, मंगल, मी.

असा कागद कोणी मला कंपनीत आणून दिला असता तर मी अर्ध्या मिनिटात बोट ठेवलं असतं. मला तीन आठवडे लागले. मंगल असली की नव्वदच्या वर. मी असलो की पंच्याऐंशीच्या वर नाही. एकदाही नाही.

ऋतू अभ्यास करत होती. कागद समोर ठेवला. तिने पाहिला आणि मान खाली घातली. म्हणजे तिला माहीत होतं.

"सांगितलं का नाहीस?"

"चहा घ्या म्हटलं होतं ना."

"मी काही बोलतो का तिथे? गप्प उभा असतो."

"पप्पा, तुमचं पेन. शॉट गेला की टक्. मग तुम्ही लिहिता. मग परत टक्. मी पुढचा शॉट धरते ना, तेव्हा मला टार्गेट दिसत नाही, ते टक् कधी येईल तेच ऐकत असते." मग म्हणाली, "आणि वाईट गेला तर तुम्ही जास्त वेळ लिहिता."

वाईट वाटलं. फारच. मारलं नाही कधी, ओरडलो नाही, फीला नाही म्हटलं नाही, आणि पोरीला माझा धाक एका पेनाचा. ऑपरेटर माझ्यासमोर पार्ट हातातून टाकतात तेव्हा मी त्यांना धांदरट म्हणतो. त्यांची माफी कशी मागायची, कोणा कोणाची.

म्हटलं, चाचणीला मी येत नाही. तुझी आई येईल.

ती "बरं" म्हणाली. लगेच म्हणाली. तेही लागलं जरा.

११ ऑक्टो., शनि.

शेवटची प्रॅक्टिस. मी घरी. पंख्याची पाती पुसली, तिन्ही खोल्यांची. ९४ म्हणे. आनंद झाला आणि मी पाती परत पुसली.

१२ ऑक्टो., रवि.

सकाळी मंगलला ताप. एकशे दोन. म्हणजे सोडायला मीच. ऋतूला सांगितलं, मी खाली थांबतो, जिनासुद्धा चढत नाही. चाचणी दुसऱ्या क्लबात आहे, दुसऱ्या मजल्यावर. वर निकमसर आहेतच. माझं टक् करणारं पेन मुद्दाम घरी ठेवलंय, हे खालच्या चहावाल्याकडून मागून घेतलं.

९.३०. ती वर गेली. पेटी तिने स्वतः उचलली. "ऑल द बेस्ट" म्हणावं की नको ते ठरेपर्यंत जिन्यात दिसेनाशी झाली.

९.५०. पार्किंगमध्ये स्कूटरवर बसलोय. साठ शॉट आहेत, सव्वा तास. इतर बाप वर काचेला नाकं लावून उभे असतील. मी बरा इथे. वरून पुट् पुट् ऐकू येतं, पण सगळ्यांचं एकत्र. त्यातलं तिचं कुठलं ते कळत नाही.

१०.१०. चहा घेतला. चहावाल्याने विचारलं, मुलगा आहे का वर? म्हटलं, मुलगी. किती मारले? म्हटलं, माहीत नाही. असं उत्तर मी आयुष्यात कधी दिलं नसेल.

१०.२५. दुसरा चहा. एक बाप फोनवर बोलत खाली आला, त्याच्या पोराचे तीस झाले, बरे चाललेत. मला विचारायची फार इच्छा झाली, चौथ्या लेनवरची, म्हणजे आमची, मुलगी कशी मारतेय. विचारलं नाही.

१०.४०. निकमसर जिन्यातून धावत खाली. या माणसाला धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. वाटलं पिस्तूल गेलं. म्हटलं, हवा? तांदूळ?

"पिस्तूल लई ब्येस चाललंय. पोरीचं बघा काय ते. पहिल्या दोन सिरीज, धा-धा शॉटच्या, नव्वदच्या पुढं. आता दर शॉट झाला की दाराकडं बघती. मी विचारलं, काय गं? म्हनली, पप्पा खरंच वर आलं न्हाईत का?"

म्हटलं, सर, मी वर गेलो की पंच्याऐंशी होतात. माझ्याकडे कागद आहे.

"आवो, कागद ऱ्हाऊ द्या. घरचं कुनीच न गेल्यानं किती हुत्यात त्ये कुठं मोजलंय तुमी?"

नाही मोजलं. गेलो तर बिघडेल, नाही गेलो तरी बिघडतंय. सर वर गेलेसुद्धा. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून खाली आलो, परत स्कूटरपाशी. पेन चहावाल्याचं आहे, त्याला देऊन टाकतो. काय करावं ते अजून कळलेलं नाही, पण तिचे वीस शॉट राहिलेत. वर जातो.